खेळणाऱ्या, राबणाऱ्या भगिनींसाठी छातीचा आधार

खो-खो, कबड्डी, हॉकी, फुटबॉल, पहाटेचे धावणे. आपल्या मुलींना यातले आता काही नवे राहिलेले नाही. बूट कोणते घ्यावेत, मुरगळलेल्या पायाला काय लावावे, याची चर्चा घरात मोकळेपणी होते. पण छातीला आधार कसा द्यावा हा विषय निघाला की आई मुलीकडे पाहते, मुलगी जमिनीकडे पाहते आणि बोलणे तिथेच संपते. कित्येक मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदान सोडतात, त्यामागे हेही एक न बोललेले कारण असते. तेव्हा येथे थोडे स्पष्टच लिहीत आहोत. भगिनींनी वाचावे आणि मुलींना वाचू द्यावे.

स्तनामध्ये स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, त्यांच्या नलिका आणि चरबी, एवढेच त्यात असते. छातीचे स्नायू त्याच्या मागे असतात. त्याला तोलून धरतात ती वरची त्वचा आणि आतले तंतूंचे पातळ बंध. इंग्रज शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८४० साली या बंधांचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. हे बंध काही दोरखंड नव्हेत. धावताना स्तन नुसते खाली-वर हलत नाहीत. डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात. त्यातून दुखणे येते, आणि दुखू नये म्हणून मुलगी खांदे पुढे घेऊन, आखडून धावू लागते. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील स्त्री-धावपटूंना याविषयी विचारण्यात आले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणींनी छाती दुखत असल्याचे सांगितले. म्हणजे ही तक्रार नाजूकपणाची नाही.

आपल्या तालमीतला पैलवान लंगोट कसल्याशिवाय आखाड्यात उतरत नाही. बायकांसाठी असे काही असावे याचा विचार मात्र फार उशिरा झाला! गोष्ट १९७७ सालची. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल या बाईंना धावण्याची आवड होती. त्यांच्या बहिणीने धावायला सुरुवात केली आणि साध्या ब्रेसियरची तक्रार केली. पुरुषांना जॉकस्ट्रॅप असतो तसा बायकांना का नाही, अशी दोघींची थट्टा चालली. थट्टेतून काम निघाले. लिसाबाईंची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे पोशाख शिवत असे. तिने आणि तिची मदतनीस हिंडा श्रायबर (पुढे हिंडा मिलर) हिने दोन जॉकस्ट्रॅप उसवून, जोडून पहिला नमुना शिवला. पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून नेले, म्हणजे ते खांद्यावरून घसरत नाहीत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे ती अंगाला काचत नाही. १९७९ साली त्यांना पेटंट मिळाले. ‘जॉगब्रा’ या नावाने हे वस्त्र खेळाच्या सामानाच्या दुकानात विकले गेले, आणि आमच्या मते त्याची जागा तीच. हे नटण्याचे वस्त्र नव्हे, बुटांसारखेच खेळाचे साधन आहे.

विकत घेताना दुकानातल्या आकड्यावर विसंबू नये. खरा भार खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे, छातीखालच्या रुंद पट्ट्याने पेलायचा असतो. हा पट्टा सगळीकडे सपाट बसावा, हात वर केले तरी वर सरकू नये, आणि त्याखाली दोन बोटे जावीत, अधिक नकोत. खांद्यावर वळ उठत असतील तर खालचा पट्टा सैल आहे असे समजावे. घालून जागच्या जागी दहा उड्या मारून पाहाव्यात आणि खोल श्वास घ्यावा. श्वास अडला तर ती घेऊ नये. अधिक घट्ट म्हणजे अधिक चांगली असे नाही. लहान छातीला नुसती दाबून धरणारी पुरते. छाती भरदार असेल तर दोन्ही बाजूंना वेगळी वाटी असलेली घ्यावी. धुताना गरम पाणी वापरू नये, सावलीत वाळवावी, आणि इलॅस्टिक ढिले पडले की बदलावी.

शेतात राबणाऱ्या भगिनींनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. लावणीला दिवसभर वाकणे, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणे, हेही शरीराला कष्टच. आजीच्या काळची गाठीची चोळी छातीखाली कसून बांधली जाई. तत्त्व तेच होते. पावसाळ्यात ओले कपडे अंगावर राहिले की स्तनाखालच्या घडीत लाली येते, खाज सुटते, बुरशी धरते. काम संपताच कपडे बदलावेत आणि ती जागा पुसून कोरडी ठेवावी. अंगावर पाजणाऱ्या आईने धावण्याआधी बाळाला पाजून घ्यावे. घट्ट वस्त्र तासन्‌तास ठेवू नये. दूध तुंबून गाठ धरते व ताप येतो. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही.

ब्रेसियरने कर्करोग होतो ही अफवा निराधार आहे. उलट नियमित व्यायामाने आणि अंगावर पाजण्याने त्याचा धोका काहीसा कमी होतो. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होणे, दुखणे हे बहुधा साधे असते. न दुखणारी टणक गाठ, त्वचेला पडलेली खळी, नव्याने आत ओढलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबणे हीच येथे मोठी फसगत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या भागांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. त्या भागांत पन्नाशीच्या पुढील स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. हाताची तपासणी स्वस्त आहे, पण ती शिकलेल्या हाताने व्हावी.

चेंडू किंवा कोपर छातीला लागल्याने कर्करोग होत नाही. त्या जागी रक्त साकळून गाठ येते व ती हळूहळू विरते. दोन-तीन आठवड्यांत ती लहान होत नसेल, तर माराची गाठ म्हणून सोडून न देता दाखवून घ्यावी.