गाव कोणाच्या राज्यात होतं?

कपाट उघडताना : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण चरित्रकोशांचे कपाट पाहिले. आज समाजशास्त्राकडे वळू. या विषयाच्या संदर्भग्रंथांची नुसती नावे द्यायची म्हटली तरी लेख भरून जाईल आणि वाचकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. म्हणून एकच प्रश्न घेऊ आणि तो घेऊन कपाटासमोर उभे राहू.

प्रश्न माझ्याकडे आलेलाच आहे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, गावच्या बलुतेदारीवर लघुप्रबंध करायचाय. आमच्याच गावच्या. काय वाचू?" तिच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता. सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधली पाने तिने एवढी मेहनत करून, खर्च करून आणली होती.

"गाव कुठलं तुझं?"

"परांडा तालुक्यातलं. बार्शीच्या जवळच."

बार्शी जवळच आहे, एसटीने तासाभराचे अंतर. पण १८८४ साली सोलापूरचे गॅझेटियर छापले गेले तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि परांडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या गठ्ठ्यात तिचे गाव असणे शक्यच नव्हते. मी तिला म्हटले, "बस. पुस्तकं नंतर. आधी सांग, गाव कोणाच्या राज्यात होतं?"

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाचा, जातीचा, चालीरीतीचा अभ्यास करणाऱ्याने पहिल्यांदा हाच प्रश्न स्वतःला विचारावा असे माझे ठाम मत आहे. समाजाची माहिती इथे अभ्यासकांनी गोळा करण्याच्या कितीतरी आधी राज्यकर्त्यांनी गोळा केली. सारा किती बसवायचा, बंदोबस्त कसा ठेवायचा, वतन कोणाचे मानायचे, यासाठी ती हवी होती. त्यामुळे राज्याची हद्द तीच पुस्तकाची हद्द झाली. राज्ये गेली, हद्दी पुसल्या, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण संदर्भाचे कपाट अजून १९०० सालच्या नकाशाप्रमाणेच लावलेले आहे.

तो नकाशा असा. गाव पश्चिम महाराष्ट्रात, खानदेशात किंवा कोकणात असेल तर जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर काढायचे. कोल्हापूर संस्थान असले तरी त्यालाही यात स्वतंत्र खंड मिळालेला आहे. जातींच्या माहितीसाठी त्याच्या जोडीला एन्थोवेन यांचे १९२० ते १९२२ या काळात निघालेले तीन खंड. गाव विदर्भात असेल तर हे कपाट बंद करायचे आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड उघडायचे. गाव मराठवाड्यात असेल तर सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवरचा १९२० चा ग्रंथ, हैदराबाद संस्थानाचे जनगणना अहवाल आणि इंपीरियल गॅझेटियरचा हैदराबादवरचा भाग. महाराष्ट्र शासनाने उस्मानाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर काढले ते १९७२ साली. म्हणजे बार्शीच्या मुलीला जे एका खंडात मिळते, ते परांड्याच्या मुलीला चार ठिकाणांहून वेचावे लागते. मराठवाड्यावर अभ्यास कमी झाला अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे एक कारण इथे, या कपाटातच आहे.

आता शब्दाकडे येऊ. बलुते हा शब्द आपल्याला कळतो असे आपण धरून चालतो. मी त्या मुलीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढून दिला. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली १८५७ ची. भाषेचा कोश म्हणून त्याला सगळे ओळखतात, पण गावगाड्याचा अभ्यास करणाऱ्याला तो समाजशास्त्राच्या संदर्भग्रंथाइतकाच उपयोगी आहे. बलुतेदारांची वर्गवारी, त्यांच्या हक्कांची नावे, धान्य मोजण्याची मापे, खळ्यावरचे शब्द त्यात विखुरलेले आहेत. एका शब्दावरून दुसऱ्यावर जात राहिले की अर्धी व्यवस्था आपोआप डोळ्यांपुढे उभी राहते. थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या आणि ज्याची ओळ थोरली त्याच्या वाट्याला पेंढ्या जास्त, हे कळले की 'बारा बलुतेदार' या शब्दाआड किती उतरंड दडलेली होती ते दिसते. बाराची यादीसुद्धा सगळीकडे एक नाही. कोणी सोनाराला धरतो, कोणी वगळतो. याद्या जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी घाबरतात. घाबरू नये, अभ्यासाचा विषय तिथेच सुरू होतो.

मग कोश. मराठीचे भाग्य असे की आपल्या पहिल्या ज्ञानकोशाचे कर्ते स्वतः जातिसंस्थेचे अभ्यासक होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला. पुढे मायदेशी परतून त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश, पं. महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश आणि खास आपल्या विषयाचा म्हणून स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश. गर्गे यांच्या कोशाचे सहा खंड आहेत. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते असतात, पण त्यांना हात लागलेला मी क्वचितच पाहिला. परीक्षेच्या मार्गदर्शकाआधी विद्यार्थ्याने ते उघडावेत. कोशात शोधताना मात्र एकाच शब्दावर अडून बसू नये. बलुतेदारी 'ब'खाली नाही मिळाली तर अलुतेदार, ग्रामसंस्था, वतन, जजमानी अशी दारे ठोठवावीत. सूचीचा खंड असेल तर तो पहिल्यांदा काढावा.

जगाच्या पातळीवर या विषयाचा पहिला मोठा इंग्रजी कोश १९३० ते १९३५ या काळात पंधरा खंडांत निघाला. त्याचे प्रमुख संपादक एडविन सेलिग्मन म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे तेच. हे नाते कळल्यापासून त्या खंडांकडे मी परके पुस्तक म्हणून पाहिलेले नाही.

इथपर्यंत माहिती कुठे मिळते ते झाले. आता ती कोणी लिहिली, हा दुसरा प्रश्न. जुन्या गॅझेटियरमध्ये एखाद्या जातीची नोंद वाचून पाहा. घर कसे, भांडी कोणती, रोजचे जेवण काय, सणाला काय, लुगडे-पागोटे कसे, लग्नाला किती रुपये खर्च, बारशाला किती, सगळे बारकाईने दिलेले असते. वाचताना आपण त्या घराच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटते. आणि त्याच दमात पुढे अख्ख्या जातीच्या स्वभावावर दोन शब्दांचा निकाल असतो. अमके कष्टाळू, तमके आळशी. भांड्यांची यादी लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली असू शकते. स्वभावाचा निकाल म्हणजे त्याचा पूर्वग्रह. विद्यार्थ्याने पहिली गोष्ट पुरावा म्हणून घ्यावी आणि दुसरी त्या काळच्या अधिकाऱ्याच्या नजरेचा पुरावा म्हणून घ्यावी. दोन्हींची गल्लत केली की भयंकर अन्याय होतो. १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण छापील पानांवरून तो शिक्का गेलेला नाही. त्या ओळी आजही प्रबंधांत जशाच्या तशा उतरतात. ज्यांच्या आजोबांना पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागत होती, त्यांची नातवंडे आज त्याच वर्गात बसलेली असतात.

हीच खबरदारी आपल्या माणसांच्या पुस्तकांबाबतही घ्यायला हवी. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ चे पुस्तक बलुतेदारीच्या अभ्यासाला आधारभूत आहे, ते टाळून चालणार नाही. पण आत्रे महसूल खात्यात होते. फिरस्त्यांवर ते लिहितात तेव्हा कचेरीत बसलेला माणूस बोलतो आहे, हे लक्षात ठेवावे.

मग बलुतेदाराचे म्हणणे कुठे वाचायचे? महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतला दुसरा खंड काढा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महाराकडून सरकार आणि गाव किती काम घेतात, त्याला त्याबदल्यात काय मिळते, याचा हिशेब त्या भाषणात आहे. गॅझेटियरमध्ये जी 'व्यवस्था' म्हणून येते, ती इथे वेठ म्हणून उभी राहते. परांड्याच्या मुलीसाठी इथेही तोच पहिला प्रश्न होता : दुरुस्ती १८७४ च्या मुंबईच्या कायद्यात होती, निजामाच्या मुलखात तो कायदा नव्हता. पण काय विचारायचे ते तिला या खंडाने शिकवले.

दुसरे पुस्तक दया पवार यांचे 'बलुतं', १९७८ चे. गंमत म्हणून सांगत नाही, फार महत्त्वाची अडचण आहे म्हणून सांगते : हे पुस्तक समाजशास्त्राच्या कपाटात सापडत नाही. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात सामाजिक शास्त्रे ३००च्या घरात येतात, समाजगट आणि जात ३०५ मध्ये, चालीरीती ३९० मध्ये. मराठी साहित्य मात्र ८९१.४६ मध्ये. आत्मकथन साहित्यात गेले की क्रमांकाच्या मागे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून ते निसटते. आणि आपल्याकडची बरीच सार्वजनिक ग्रंथालये अजून बंद कपाटांची आहेत, तिथे क्रमांकही दिसत नाही. तिथे शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागून घ्यावी. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तके या माणसाने विषयवार लावून ठेवली आहेत. जात्युन्नतीची पत्रके, ज्ञातिसंस्थांचे इतिहास, सभांचे अहवाल अशी बारीकसारीक पुस्तके एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाहीत, त्यांचा माग इथे लागतो.

आकडे लागतात तेव्हा जनगणना. सर्व जातींची मोजणी होऊन तक्ते छापले गेले ते शेवटचे १९३१ चे. १९४१ ला युद्ध होते, जातींचे तक्ते निघाले नाहीत. १९५१ पासून अनुसूचित जाती-जमातींखेरीज जात मोजली गेली नाही. येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला आहे. १९३१ चे तक्ते जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात, गावात उतरत नाहीत. गाव भेटते ते १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांमध्ये. एका ओळीत एक गाव : घरे किती, माणसे किती, शेतकरी किती, शेतमजूर किती, घरगुती उद्योगावर जगणारे किती. १९६१, १९७१, १९८१ अशा तीन पुस्तिका शेजारी ठेवून एकाच गावाची ओळ वाचली की कारागीर कधी कमी झाले आणि शेतमजूर कधी वाढले ते बोट ठेवून दाखवता येते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जत्रा आणि उत्सवांवर एक स्वतंत्र खंडही निघाला. यात्रेतले मान म्हणजे बलुतेदारीचा उरलेला अंश, म्हणून तोही मी तिच्यापुढे ठेवला.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. आजोबांना विचारून तिने गावच्या बलुतेदारांची यादी केली होती. ती मोल्सवर्थशी जुळत नव्हती. "कुठली खरी धरू मॅडम?" मी म्हटले, "दोन्ही लिही. कोणी सांगितली, कधी सांगितली, तेही लिही." तिच्या आजोबांचे नाव आणि वय प्रबंधाच्या तळटीपेत आले, मोल्सवर्थच्या शेजारी.

आता एक विनंती, ग्रंथालयांत काम करणाऱ्यांना आणि कार्यकारी मंडळांवर असलेल्यांना. एका तालुक्याच्या ग्रंथालयात १९६१ ची जनगणना पुस्तिका मी रद्दीच्या गठ्ठ्यात, सुतळीने बांधलेली पाहिली आहे. जुनी आवृत्ती, कोणी मागत नाही, म्हणून निर्लेखनाच्या यादीत गेली होती. या पुस्तिकांना जुनी आवृत्ती नसते. १९६१ चे गाव १९७१ च्या पुस्तिकेत सापडत नाही. काहींच्या प्रती संगणकावर आल्या आहेत, पण त्यात आपल्याच जिल्ह्याचे पान असेल याची खात्री नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी जनगणना पुस्तिका, गॅझेटियर आणि ज्ञातिसंस्थांची जुनी पत्रके तेवढी बाजूला काढा. जागा नसेल तर जवळच्या महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र पाठवा. पत्राला उत्तर येईपर्यंत ती कपाटातच राहू द्या.