स्कूबा-पाणबुड्यांचे वर्तन आणि प्रवाळभित्तीचे रक्षण

पाठीवर दाबयुक्त हवेची टाकी बांधून पाण्याखाली मुक्तपणे वावरण्याचे साधन जाक कूस्तो व एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. तोवर पाण्याखालचे जग मोती काढणाऱ्यांचे, शास्त्रज्ञांचे व नौदलाचे होते. त्यानंतरच्या काही दशकांत ते सुट्टी घालविणाऱ्या सामान्य प्रवाशाचेही झाले. आज उष्ण कटिबंधातील अनेक प्रवाळभित्तींवर पाणबुडे नित्य उतरतात, आणि जे पाहण्यासाठी ते येतात त्याचीच झीज त्यांच्या हातून होत असते. ही झीज कोणत्या कारणांनी वाढते व कोणत्या उपायांनी घटते, हा प्रश्न वरवर जीवशास्त्राचा वाटला तरी वस्तुतः तो मानवी वर्तनाचा आहे.

पोवळ्याचा जिवंत भाग म्हणजे चुनखडीच्या सांगाड्यावरील ऊतींचा एक पातळ थर. फिनच्या एका फटकाऱ्याने फांदीदार पोवळ्याचे टोक मोडते. घुमटाकार पोवळे मोडत नाही, पण त्याचा वरचा थर खरवडला जातो, आणि अशा पोवळ्याची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर एवढीच असते. तळाची ढवळलेली वाळू पोवळ्यावर बसते, ती वेगळीच. थायलंडमधील को ताओ बेटाजवळ झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाणबुड्यांची वर्दळ अधिक असलेल्या स्थळी पोवळ्यांच्या रोगांचे प्रमाण कमी वर्दळीच्या स्थळांपेक्षा सुमारे तिप्पट आढळले. समुद्राचे तापमान वाढून होणाऱ्या विरंजनापुढे ही हानी अल्प आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि तापमान आवरणे हे कोणा एका बंदराच्या हाती नाही. पाणबुड्यांचे वर्तन मात्र पुष्कळसे आहे.

पोवळ्याला मुद्दाम इजा करावी या हेतूने पाण्यात उतरणारा माणूस विरळाच. बहुतेकांना समुद्राविषयी आस्था असते, आणि विचारले असता ते तसे सांगतातही. मग आस्था असूनही स्पर्श का घडतो?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारी महत्त्वाची पाहणी नोला बार्कर व कॅलम रॉबर्ट्स यांनी कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया येथे केली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी ३५३ पाणबुड्यांचा संपूर्ण बुडीभर पाठपुरावा करून भित्तीला झालेला प्रत्येक स्पर्श नोंदविला. कॅमेरा बाळगणाऱ्यांकडून दर मिनिटाला सरासरी ०.४ स्पर्श झाले, न बाळगणाऱ्यांकडून ०.१. किनाऱ्यावरून चालत उतरणाऱ्यांचा दर ०.५, नावेतून उतरणाऱ्यांचा ०.२, रात्रीच्या बुडीत १.०, दिवसाच्या बुडीत ०.४. हे आकडे लहान दिसतात. परंतु पन्नास मिनिटांच्या एका बुडीत ०.४ या दराने वीस स्पर्श होतात, आणि ०.१ या दरानेही पाच. एका स्थळाने वर्षाकाठी पाच ते सहा हजार बुड्या सोसाव्यात, अशी मर्यादा हॉकिन्स व रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये सुचविली होती. ती पाळली व प्रत्येक पाणबुडा सेंट लुसियातील काळजीपूर्वक वागणाऱ्यांइतकाच सावध राहिला असे धरले, तरी एका स्थळी वर्षाला पंचवीस ते तीस हजार स्पर्श होतील.

या पाहणीचा दुसरा भाग अधिक उद्बोधक आहे. बुडीपूर्वी देण्यात येणाऱ्या नेहमीच्या सूचनांत ‘भित्तीला स्पर्श करू नये’ अशा अर्थाचे एक वाक्य घालून पाहण्यात आले. त्याचा परिणाम शून्य. मात्र स्पर्श होताना दिसताच मार्गदर्शकाने पाण्यातच त्या व्यक्तीला खुणावले, तेव्हा सरासरी दर मिनिटाला ०.३ वरून ०.१ वर आला.

यावरून सूचना व शिक्षण निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तांबड्या समुद्रावरील रास मुहम्मद राष्ट्रीय उद्यानात मेडिओ, ऑर्मंड व पिअर्सन यांनी केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचे फळ अगदी उलट दिसते. तेथे सात मिनिटांच्या निरीक्षणकाळात दर पाणबुड्यामागे होणारे स्पर्श १.४ वरून ०.४ वर उतरले. जिवंत पोवळ्यांना होणाऱ्या स्पर्शांतील घट तर त्याहूनही ठळक होती. दोन्ही ठिकाणी उपायाला ‘सूचना’ हेच नाव असले तरी वस्तू भिन्न आहेत. सेंट लुसियात एक वाक्य होते. रास मुहम्मद येथे सुमारे पाऊण तासाचे सचित्र विवेचन होते. त्यात पोवळ्याचे जीवशास्त्र, स्पर्शाचे प्रकार व संरक्षित क्षेत्राचा हेतू यांचा समावेश होता, आणि त्यानंतर पाण्यात नेऊन जिवंत पोवळे कोणते, मृत खडक कोणता, हे प्रत्यक्ष दाखविण्यात आले. आधारासाठी हात टेकावाच लागला तर तो कोठे टेकावा, हे ज्याला ठाऊक आहे त्याचाच संयम सफल होतो. केवळ निषेध ऐकलेल्या माणसाला प्रवाहाने ढकलले की तो समोर येईल ते पकडणार.

येथे आइझेक आज्झेन यांच्या नियोजित-वर्तन सिद्धांताचा उपयोग होतो. वर्तनापूर्वी संकल्प असतो, आणि त्या संकल्पाला तीन गोष्टी आकार देतात: त्या वर्तनाविषयीची वृत्ती, आपल्याला महत्त्वाची वाटणारी माणसे काय अपेक्षितात याची जाणीव, आणि ते वर्तन आपल्या आवाक्यात आहे हा विश्वास. वृत्ती अनुकूल असूनही तिसरे अंग दुबळे असेल तर संकल्प कृतीत उतरत नाही. पाणबुड्याच्या बाबतीत हे तिसरे अंग अगदी शारीरिक आहे. कमरेला शिसे किती बांधले, जाकिटात हवा किती भरली, श्वास किती खोल घेतला, यांवर त्याचे पाण्यातील प्लवन अवलंबून असते. वजन जास्त झाले की पाय खाली झुकतात. आणि फिन पायांच्या पुढे लांबवर गेलेले असल्याने ते कोठे लागतात हे त्याला कळतही नाही. ज्याची जाणीवच नाही त्याविषयी पश्चात्ताप कसा होणार? मार्गदर्शकाच्या खुणेचे बळ बहुधा यातच आहे: नकळत घडलेली गोष्ट ती त्या क्षणी कळविते, आणि शिवाय कोणीतरी पाहत आहे याची आठवणही देते.

अनुभवाने वर्तन सुधारते काय? प्लवनावर ताबा येतो एवढ्यापुरते होय. परंतु ताबा आलेला माणूस भित्तीच्या अधिक जवळ जाण्याचे धाडस करतो, आणि त्याच सुमारास त्याच्या हाती कॅमेरा येतो. रूफेल व इंग्लिस यांनी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छायाचित्रणात मुरलेल्या पाणबुड्यांकडून इतरांपेक्षा अधिक मोडतोड झाल्याचे दिसले. हौशी छायाचित्रकाराची गोष्ट सोडा. ज्याला समुद्राविषयी सर्वांत जास्त प्रेम असावे अशी अपेक्षा, त्याचेच लक्ष भिंगातून दिसणाऱ्या एका माशावर खिळलेले असते आणि कोपर पोवळ्यावर.

मार्गदर्शकाने पाण्यातच हस्तक्षेप करावा, हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या बक्षिसीवर व पुन्हा येण्यावर आपले पोट चालते, त्या पाहुण्याला सर्वांदेखत टोकणे कोणाही नोकराला जड जाते. शिवाय एकामागे दहा माणसे असतील तर कोणाकोणावर नजर ठेवणार? फिलिपीन्समधील शंभर पाणबुड्यांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गट मोठा होत जाईल तसतशी मार्गदर्शकाची दुरुस्ती करण्याची क्षमता घटलेली आढळली. त्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशींनी एका बुडीत किमान एकदा भित्तीला स्पर्श केला होता. मात्र २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रीन फिन्स’ या कार्यक्रमाचे नियम जे व्यावसायिक कसोशीने पाळत होते, त्यांच्या पाहुण्यांचा स्पर्शदर लक्षणीय कमी होता. हा कार्यक्रम पाहुण्याला उपदेश करण्यापेक्षा व्यवसायाच्या चालचलनावर, म्हणजे नांगर टाकण्यावर, गटाच्या आकारावर, मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणावर व ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीवर अधिक भर देतो.

या विषयावरील लेखनात पद्धतीचा एक दोष वारंवार दिसतो. प्रश्नावली भरून घेतली की पाणबुडे आपले वर्तन चांगलेच असल्याचे सांगतात, आणि ते खोटे बोलत असतात असेही नाही. मागे काय घडले ते त्यांनी पाहिलेलेच नसते. म्हणून वृत्ती व वर्तन यांचा संबंध केवळ प्रश्नावलीवरून जोडणाऱ्या निष्कर्षांना बेताचेच वजन द्यावे, आणि पाण्याखाली प्रत्यक्ष मोजलेल्या स्पर्शांना अधिक.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात टर्बिनारिया, पोराइट्स आदी पोवळी आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथील बुडी-पर्यटनामुळे होणाऱ्या प्रवाळहानीविषयी २०२० मध्ये निबंध प्रसिद्ध केला असून, या हानीचे उत्तरदायित्व कोणावरच नसणे हे तिचे मूळ असल्याचे त्यात म्हटले आहे. येथील परिस्थिती सेंट लुसियाहून एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. तेथला पाणबुडा प्रशिक्षित व स्वतंत्रपणे पोहणारा होता. मालवण-तारकर्लीचा पाहुणा बहुधा आयुष्यात प्रथमच टाकी बांधतो, कित्येकदा त्याला पोहताही येत नाही, आणि मार्गदर्शक त्याची टाकी मागून धरून त्याला भित्तीवरून नेतो. त्याचे प्लवन, त्याची दिशा, तो कोठे थांबणार व कोठे छायाचित्र काढून घेणार, हे सारे त्या मार्गदर्शकाच्या हाती असते. तेव्हा मालवणास स्पर्शांची मोजणी करावयाची झाल्यास निरीक्षणाचा घटक पाहुणा न धरता त्याची टाकी धरणारा हात धरावा लागेल. आणि त्या हाताला दिवसाकाठी किती पाहुणे वाहून न्यावे लागतात, व त्याचा मोबदला बुडीमागे ठरतो की महिन्यामागे, हीही नोंद त्याच तक्त्यात घ्यावी लागेल.