चार मिलिमीटरची माशी ओळखायची कशी?

पालीसारख्या गावात जुन्या घराच्या जोत्यात, दगडी भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत कधीकधी एक बारीक नळी बाहेर आलेली दिसते. काळपट, हाताला चिकट लागणारी. तिच्या तोंडाशी चिलटांएवढं काहीतरी घुटमळत असतं. आपण म्हणतो, वाळवी असेल, नाहीतर पंखवाल्या मुंग्या. मग भोकात सिमेंट भरतो किंवा फवारा मारतो, आणि आतली अख्खी वसाहत संपते. ती असते डंख न मारणाऱ्या मधमाश्यांची, टेट्रागोनुला गटातली.

आता बघा, वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर जाड असते. मुंगीच्या कंबरेला गाठ असते. चिलटाला पंख दोनच. आपली माशी तांदळाच्या दाण्याहूनही लहान, काळी, चार पंखांची. पुढचे पंख मोठे, मागचे लहान. बसली की पंख पोटाच्या मागे जातात आणि उन्हात रंगीत चमकतात. पण आम्ही सर्वांत आधी पाहतो तो मागचा पाय! तो रुंद, चपटा असतो आणि त्यावर परागाची गोळी लगडलेली असते. अशी गोळी घेऊन मुंगी किंवा वाळवी घरी येत नाही.

फुलोरी मधमाशीही लहानच, पण हिच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. तिच्या पोटाची सुरुवात तांबूस, पुढे काळे-पांढरे पट्टे, आणि तिचं एकच पोळं उघड्यावर फांदीला लटकतं. सातेरी मात्र ढोलीतच राहते, म्हणून घोटाळा होतो. ती आणखी मोठी, पट्टेदार, आणि ती डंख मारते. त्यामुळे खात्री झाल्याशिवाय भोकात बोट घालू नये. टेट्रागोनुलाची नांगी खुरटलेली असते. चिडली तर केसांत शिरते, चावते, एवढंच.

फोटोवरून जात सांगा, असं बरेच जण म्हणतात. इरिडिपेनिस हे नाव स्मिथने 1854 साली श्रीलंकेतल्या माशीला दिलं आणि आपल्याकडे कित्येक वर्षं सगळ्यांनाच तेच चिकटवलं गेलं. फोटोवरून गट सांगता येतो, जात नाही. त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. तरी फोटो काढायचाच तर बाजूने काढा, मागचा पाय दिसू द्या, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.

गिलावा करताना जात कळायची गरजही नाही. नळीभोवती वीतभर जागा सोडून काम करा आणि तोंड उघडं राहू द्या.