दिवाळीनंतरचे गाव

दिवाळी सरली, की खानदेशातल्या कोरडवाहू गावांत निराळीच लगबग सुरू होते. भांडीकुंडी, गोधड्या, कोयते बांधले जातात आणि ऊसतोडीची बिऱ्हाडे मुलाबाळांसह घराला कुलूप लावून निघतात. पौषातच ज्यांच्या विहिरीचा तळ दिसतो, त्यांनी करायचे तरी काय?

मी मुक्ताईनगरचा. आमच्या तालुक्यात तापी-पूर्णेच्या काठी केळीचे हिरवेगार मळे आहेत. वढोद्याच्या जंगलाकडे मात्र पावसावर डोळे लावून बसलेली शेतेही आहेत. म्हणून फराळाचे डबे भरताना आमच्या घरी दरवर्षी प्रश्न निघतो: अडलेल्याला द्यावे ते काय? धान्य, कपडे की पैसे? आमच्या सौभाग्यवतींचा हिशेब रोखठोक. म्हणतात, "काहीही द्या, पण ते फाल्गुनापर्यंत पुरले पाहिजे!"

फाल्गुनाच्याही पुढे पुरलेली मदत मला खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला दिसली. आमच्या दारावरून जाणाराच सुरतेचा महामार्ग धरावा, जळगाव, धुळे मागे टाकून साक्री तालुक्यात शिरावे. तिथे पिंपळनेरच्या बाजूला डोंगरात बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटे गाव आहे. 1990च्या सुमारास तिथले डोंगर तोडीने बोडके झाले होते, पाणी आटले होते, माणसे पोटासाठी परमुलखात जात होती. चैत्राम पवार हा गावचाच तरुण एम.कॉम. शिकला, पण शहरात न जाता गावी राहिला. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली, गाव एकत्र बसले आणि गावानेच नियम केला: जंगल तोडायचे नाही, तोडील त्याला दंड.

पुढचे काम गाजावाजाचे नव्हते. उतारावर लहान लहान बांध घातले, चर खणले. पूर्वी धावत खाली जाणारे पाणी जागीच मुरू लागले. सुमारे 400 हेक्टर जंगल राखले गेले. विहिरींना पाणी टिकले, तसे शेतीलाही बळ आले. 2004पासून तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, आणि रानातली कोणती भाजी केव्हा खुडावी, कशी रांधावी, हे बायकांचे पिढीजात ज्ञान मानाने पानात येते. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

भुकेल्याला आधी भाकरीच हवी, यात वाद नाही. पण 1972च्या दुष्काळाने महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली: भाकरी कामातून द्यावी आणि कामातून बांध, तलाव उभे राहावेत. रोजगार हमीचा 1977 सालचा कायदा त्याच अनुभवातून आला. बारीपाड्याने त्यात आणखी एक भर घातली. काम कुठे, कसे करायचे आणि झालेले राखायचे कसे, हे गावानेच ठरवले.

आमच्या वढोद्याचे जंगल 2014 साली 'मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव' झाले. वाघाला आसरा मिळाला, हे चांगलेच झाले. आता त्या जंगलालगतच्या माणसांनाही त्यात वाटा आणि शब्द हवा.

तेव्हा वाचकहो, यंदा मदतीची पावती फाडताना एवढेच विचारा: हे पैसे जिथे जातील, तिथली किती घरे पुढच्या दिवाळीनंतर उघडी राहतील?