शहामृगाची गुणसूत्रे

तंजावरचा सरस्वती महाल सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत समृद्ध केला. तेथल्यासारखी हस्तलिखिते दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिली, तर लेखनिकांचे प्रमाद सुधारता येतात. गुणसूत्रांचेही असेच आहे. नर पक्ष्यात दोन ‘झेड’ असतात, तर मादीत एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’. कोंबडीत या दोहोंतील देवाणघेवाण बहुतांशी थांबली. म्हणून ‘डब्ल्यू’ जनुके गमावून खुजे झाले. शहामृग व एमू यांत मात्र सुमारे दोनतृतीयांश भागात ती चालू आहे, म्हणून जोडी जवळजवळ सारखीच राहिली. पेंग्विनही उडत नाही, पण त्याचे ‘डब्ल्यू’ झिजलेले आहे. सर्वांची जोडी मुळात एकच, दहा कोटी वर्षांहून जुनी. तेव्हा झीज केवळ वयाने नव्हे, एकाकीपणाने होते.