खो-खोचा संघ उन्हाळ्यातच घडतो

परीक्षा संपल्या की महाविद्यालयांची मैदाने ओस पडतात. खेळाडू आपापल्या गावी जातात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की धावपळ सुरू होते. तीन महिने आराम केलेले पाय एकदम सूर मारायला, खुंटाला वळसा घालायला लागतात. मग कुणाची मांडी धरते, कुणाचा घोटा मुरगळतो, तर कुणाच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटून अख्खे वर्ष वाया जाते.

वऱ्हाडाला खेळाची मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. असे यश महिनाभराच्या सरावाने मिळत नाही.

तयारी कशी करावी?

स्पर्धांचा हंगाम संपल्यावर दोन आठवडे खेळाला सुट्टी द्यावी. जुनी दुखणी डॉक्टरांना दाखवावीत. पोहणे किंवा सायकल चालवणे पुरेसे आहे. मात्र पूर्ण आराम लांबला की दमसास कमी होऊ लागतो, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस धावणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. बैठका, जोर आणि एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे हे घरच्या अंगणातही जमते. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक सोपा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकावे. तोल सुटला की हातांवर यावे. सुरुवातीला पाच-पाच वेळा दोनदा पुरे. नियमित केल्यास या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे संशोधनात आढळले आहे.

उन्हाशी मस्ती नको

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. सराव पहाटेच आटोपावा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून वेळ हळूहळू वाढवावा. सरावाआधी व नंतर वजन करावे. एक किलो घटले तर थोडे थोडे करून दिवसभरात सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक किंवा मीठ घातलेले लिंबू सरबत प्यावे.

एखादा खेळाडू बरळू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये.

महागड्या डब्यातल्या पावडरीची गरज नाही. भाकरी, तुरीचे वरण, उसळ, दूध, शेंगदाणे-गूळ, चालत असल्यास अंडी आणि आठ तास झोप मिळाली की पुरे.

संघ कसा बांधावा?

खो-खोत आठ जण बसलेले असतात आणि एकच धावतो. पाठीवर खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. म्हणजे या खेळाचा सारा डोलारा विश्वासावर उभा आहे, आणि तो विश्वास शिट्टी वाजल्यावर तयार होत नाही. म्हणून सुट्टीतही जवळपासच्या गावांतील खेळाडूंनी आठवड्यातून दोनदा एकत्र यावे. प्रत्येक नवख्यामागे एक जुना खेळाडू द्यावा. कुणी किती सराव केला, याची वही ठेवावी. कर्णधाराने मैदान झाडायला सर्वांत आधी हात लावावा. दुखत असेल तर ते लपवू नये, आणि सांगणाऱ्याला कुणी हसू नये. दुखणे लपविणारा खेळाडू ऐन सामन्यात संघाला तोंडघशी पाडतो.

पालकांनो, मुलगा किंवा मुलगी पहाटे मैदानावर निघाली तर अडवू नका. पाण्याची बाटली तेवढी भरून द्या.