रायसाचा पाऊस, बारामतीचं मीठ

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेत रायसा नावाचा ग्रह आहे. सुंदर समुद्रकिनारे, उबदार ऊन, अंतराळवीरांच्या सुटीचं हक्काचं ठिकाण. तिच्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या अवताराच्या १९९० मधल्या एका भागात कॅप्टन पिकार्ड तिथे विश्रांतीला जातो. पण ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या अवताराच्या १९९६ मधल्या भागात कळतं, की हा ग्रह मुळात पावसाने झोडपलेला आहे. हवामान काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेने त्याचं नंदनवन केलं. ती यंत्रणा मुद्दाम बिघडवली जाते आणि किनाऱ्यावर पाऊस कोसळतो.

पाऊस हटवावा, असं बारामती-इंदापुरात कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या बारामतीला पाचशेच्या आसपास. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस उभा असतो, जिरायती पट्ट्यात मात्र टँकरची वाट पाहतात. ढग येतात आणि न बरसता पुढे निघून जातात.

या ढगांना बरसवता येईल का, हे पाहण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने बारामतीचा परिसर निवडला. १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे विमानातून ढगांत मिठाची बारीक पूड सोडली गेली. हे ढग फार उंच नसतात, त्यांत बर्फ होत नाही. त्यामुळे ढगात बर्फ धरायला लावणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडचा इथे उपयोग नाही. मीठ ओल ओढतं. त्याच्या कणाभोवती मोठा थेंब धरतो, खाली येताना लहान थेंब गिळतो आणि जड होऊन जमिनीवर पडतो.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची आखणी. पाऊस पडला, पण तो एरवीही पडलाच असता तर? म्हणून दोन क्षेत्रं आखली, मधे मोकळा पट्टा ठेवला. आज फवारणी कोणत्या क्षेत्रावर करायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. दुसरं क्षेत्र तसंच सोडायचं. मग दोन्हीकडचा पाऊस ताडून पाहायचा. अकरा पावसाळ्यांचा हिशेब निघाला तो सुमारे २४ टक्के वाढीचा. दाट, पाण्याने भरलेल्या ढगांनी साथ दिली. पातळ ढग मात्र फवारणीनंतर विरण्याकडे झुकले. सोलापूरजवळ २०१८-१९ मध्ये याच संस्थेने केलेल्या प्रयोगात सुमारे १८ टक्के वाढ दिसली.

म्हणजे ढग असेल तर त्याच्याकडून थोडं जास्त मिळतं. कोऱ्या आकाशातून काहीच नाही. आपल्याकडे मात्र कृत्रिम पावसाची आठवण होते ती पिकं करपल्यावर. राज्य सरकारने २००३ आणि २०१५ मध्ये विमानं उडवली ती टंचाईच्याच दिवसांत. खरं तर ही फवारणी बऱ्या पावसाच्या वर्षी, भरलेले ढग डोक्यावर असताना करायला हवी, म्हणजे वाढीव पाणी इंदापूरच्या शेततळ्यांत आणि विहिरींत पुढच्या उन्हाळ्यासाठी साठवता येईल.